घरांची वही नगरसेवकाकडे असू द्या

15 जानेवारी 2026 ला माझी आत्या नालासोपाऱ्याहून निघाली, दादरला गाडी बदलली आणि कुर्ल्याला मत देऊन आली. तिचं मत कुर्ल्यातच आहे, कारण मतदारयादीत तिचा पत्ता अजून तिथलाच आहे. त्या पत्त्यावर घर मात्र नाही. बारा वर्षांपूर्वी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेसाठी, लोकांच्या भाषेत एसआरएसाठी, तिची गल्ली रिकामी झाली. आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणाआड एक अर्धवट खणलेला खड्डा, पावसाळ्यात गळ्याइतक्या पाण्याचा. नवं घर मिळेपर्यंत बाहेर राहायचं भाडं विकासकानं सुरुवातीची काही वर्षं दिलं, मग तुटक तुटक दिलं, मग ते थांबलंच. घरभाडं परवडत नाही म्हणून आत्या कुर्ल्यातून कळव्याला गेली आणि कळव्यातून नालासोपाऱ्याला.

निवडणुकीआधी त्या भागातला एक उमेदवार जुन्या रहिवाशांची बैठक घेत होता. आत्यानं त्याला विचारलं, "आमच्या बिल्डिंगचं काय होणार, दादा?" तो नम्रपणे म्हणाला, "मावशी, एसआरएचं आमच्या हातात नाही. ते सगळं वरून होतं. पाणी, गटार, दिवाबत्ती, काही असलं तर सांगा." आत्या गप्प बसली. ज्या गल्लीत घरच नाही तिथल्या गटाराबद्दल ती काय सांगणार?

त्या उमेदवाराचा मला राग आला नाही. तो खरं तेच बोलला. मुंबईत नगरसेवकाच्या हातात घरांचा प्रश्न नाही, ही वस्तुस्थिती आहे. माझी तक्रार या वस्तुस्थितीबद्दल आहे. ज्या एका लोकप्रतिनिधीला गल्ली अन् गल्ली, खोली अन् खोली ठाऊक असते, त्यालाच आपण घरांच्या प्रश्नापासून लांब ठेवलं. असं केल्यानं प्रश्न स्वच्छ होईल असं कुणाला वाटलं असेल तर ते झालेलं नाही. तो फक्त बेवारस झाला.

कागदावर पाहिलं तर चित्र उलटं आहे. 1992 मध्ये संसदेनं चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली आणि 1 जून 1993 पासून ती लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत. पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे आणि पुढे झोपडपट्ट्यांची सुधारणा हाही विषय स्पष्ट लिहिलेला आहे. पण या दुरुस्तीला अडीच वर्षं होतात न होतात, तोच 1995 च्या अखेरीस महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) अस्तित्वात आलं. त्याच्या अध्यक्षस्थानी राज्याचे मुख्यमंत्री असतात आणि कारभार सनदी अधिकारी पाहतात. झोपडपट्टीच्या जमिनीपुरतं नियोजनाचं कामही या प्राधिकरणाकडे गेलं. म्हाडा ही घरं बांधणारी संस्था आधीपासूनच राज्य सरकारची होती. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींचं मंडळ म्हाडाचं, वसाहतींचं मंडळ म्हाडाचं, धारावीसाठी 2004 पासून वेगळा प्रकल्प आणि वेगळं कार्यालय. राज्यघटनेनं जे नगरपालिकेच्या दारात आणून ठेवलं, ते राज्यानं मागच्या दारानं उचलून मंत्रालयाजवळ नेलं.

मग नगरसेवकाकडे उरलं काय? सकाळी कुठल्याही नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसा. रहिवासी दाखला, शाळेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र, कमी दाबानं येणारं पाणी, तुंबलेला नाला, पडायला आलेलं झाड, रुग्णालयात खाट मिळत नाही म्हणून फोन. हे काम लहान नाही. ज्याच्या नळाला पाणी नाही त्याच्यासाठी ते दिवसातलं सर्वात मोठं काम असतं. पण अर्धा तास बसलात तर ध्यानात येईल की रांगेतल्या निम्म्या लोकांचं खरं दुखणं घराचं आहे. नाव परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, आलं नाही. आईच्या नावावर झोपडी होती, आई गेली, वारस लागत नाही. भाडं बंद झालंय. संक्रमण शिबिराचं छप्पर गळतंय. सोसायटीचा चीफ प्रमोटर सभाच लावत नाही. या प्रत्येक प्रश्नाला नगरसेवक एक पत्र देतो, स्वतःच्या लेटरहेडवर, 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं. ते पत्र घेऊन माणूस वांद्र्याला एसआरएच्या कार्यालयात जातो. वांद्र्याच्या कार्यालयाला त्या पत्राचं उत्तर देणं बंधनकारक नसतं.

2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहत होती. महापालिकेत 227 नगरसेवक आहेत, म्हणजे एकामागे साधारण पंचावन्न हजार माणसं येतात. विधानसभेचे आमदार 36, म्हणजे एकामागे जवळपास साडेतीन लाख. साडेतीन लाख माणसांत कुणाचं भाडं कुठल्या महिन्यापर्यंत आलं हे आमदाराला कळणं शक्य नाही. पंचावन्न हजारांत ते कळू शकतं. चांगल्या नगरसेवकाला ते आजही तोंडपाठ असतं. फक्त त्या माहितीला कायद्यात कुठेच किंमत नाही.

ही गोष्ट मुंबईला नवी नाही, म्हणून थोडं मागं जायला हवं. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि शहर हादरलं. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींमुळे रोग पसरतो असं ठरलं, आणि वस्त्या सुधारण्याचं काम महापालिकेच्यानं होणार नाही असंही सरकारनं ठरवलं. 1898 मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यात महापालिकेचे प्रतिनिधी होते, पण कारभार स्वतंत्र होता. ट्रस्टनं रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या केल्या. त्या आजही देखण्या आहेत. पण जुन्या शहरात ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या तितक्या सुरुवातीची कितीतरी वर्षं बांधल्याच नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहायला गेली. नकाशावरची वस्ती सुधारली, नकाशाबाहेरची बिघडली. शेवटी 1933 मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. महापालिकेत 'सुधार समिती' नावाची जी वैधानिक समिती आहे, ती त्या विलीनीकरणातूनच आली. बीआयटी चाळींमधलं 'बीआयटी' हे त्या ट्रस्टचंच नाव. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले.

म्हणजे घरांचा विषय महापालिकेबाहेर नेऊन बघण्याचा प्रयोग या शहरानं एकदा केला आहे आणि पस्तीस वर्षांनी तो परत आणला आहे. 1995 मध्ये आपण तोच प्रयोग पुन्हा सुरू केला. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घर असं तेव्हाचं आश्वासन होतं. एका कुटुंबात पाच माणसं धरली तर आठ लाख घरं होतात. तीस वर्षांनंतर त्याच्या निम्म्यावरही आपण आलेलो नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोरिवलीतल्या एका रखडलेल्या योजनेचा निकाल देताना उच्च न्यायालयाला सांगितलं की या झोपडपट्टी कायद्याचंच परीक्षण करा, तो काम का करत नाही ते तपासा. या कायद्याखालची 1,612 प्रकरणं तेव्हा उच्च न्यायालयात पडून होती. एका कायद्यापायी एवढे लोक कोर्टाची पायरी चढतात, याचा अर्थ खाली वस्तीत वाद मिटवायला आणि हिशेब मागायला कुणी नाही.

नगरसेवकाच्या हातात अधिकार असला की काय घडू शकतं, याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गोरेगाव 1957 पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीतच नव्हतं. तिथल्या ग्रामपंचायतीत काम करून मृणाल गोरे 1961 मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या. पती केशव गोरे यांच्या निधनाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. उपनगर शहरात आलं होतं, पण पाणी आलं नव्हतं. वस्त्यांमधल्या बायकांना घेऊन त्यांनी महापालिकेवर हंडे-घागरींचे मोर्चे नेले, आणि सभागृहात उभं राहून जलवाहिनीची लांबी-रुंदी विचारली. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. पुढे त्या आमदार झाल्या, 1977 मध्ये खासदार झाल्या, पण ते नाव नगरसेवक म्हणून केलेल्या कामातून आलेलं आहे, आणि लोकांनी ते शेवटपर्यंत बदललं नाही.

मला त्यांच्या पाण्याच्या लढ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं घरांचं काम. 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं शहरातली अतिरिक्त जमीन सरकारला घेता येत होती. हा कायदा पुष्कळांनी वाचला, पण जमीनमालकांना सूट मिळण्यासाठी वाचला. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलट्या बाजूनं वाचला. अतिरिक्त जमीन घरं नसलेल्यांसाठीच आहे ना, मग द्या. नागरी निवारा परिषद उभी राहिली. अर्ज, मोर्चे, कोर्ट, वर्षानुवर्षं हेलपाटे. अखेर दिंडोशीच्या डोंगरउताराला बासष्ट एकरांवर सुमारे सहा हजार घरं उभी राहिली, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, सहकारी तत्त्वावर. आज त्या वसाहतीत गेलात तर झाडं मोठी झालेली दिसतात आणि नातवंडं खेळताना दिसतात. तो 1976 चा कायदाच महाराष्ट्रानं नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द केला. दिंडोशीसारखी दुसरी वसाहत का उभी राहिली नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

परिषदेच्या काळात मृणालताई नगरसेवक नव्हत्या, हे खरं. पण कुठली जमीन मोकळी, कुणाचं कुटुंब किती वर्षं भाड्यानं राहतंय, कोण खरोखर गरजू आणि कोण नाव लावून जाणारा, हे ओळखण्याची नजर गोरेगावच्या गल्ल्यांत तयार झाली होती. त्यांच्या पिढीतल्या नगरसेवकाला वाटायचं की माझ्या विभागातल्या माणसानं कुठं राहायचं, हा माझा प्रश्न आहे. 'ते आमच्या हातात नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं असतं तर दिंडोशीचा डोंगर आज कुणाच्या हातात असता, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण पुण्याचं. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून पुणे महापालिकेनं येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये जागच्या जागी घरबांधणी केली. सगळी वस्ती उठवायची, एका टोकाला उंच इमारत बांधायची आणि बाकी जमीन विकायची, हा मुंबईचा मार्ग तिथं घेतला नाही. जी घरं पक्की होती ती तशीच ठेवली. कच्ची होती ती पाडून त्याच जागी 270 चौरस फुटांचं घर बांधलं. खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानाचा, दहा टक्के रहिवाशाचा. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघर फिरून मोजमाप घेत होत्या. कुणाचं घर फारच लहान निघालं तर शेजाऱ्यांनी मिळून एकावर एक मजले चढवले. गल्ली अरुंद होती तिथं काहींनी हातभर जागा सोडली. शेजार तोच राहिला, मुलांची शाळा तीच, कामाला जायची वेळ तीच. लिफ्ट नाही, तिच्या देखभालीचा खर्च नाही.

हे काम निर्दोष झालं असं मी म्हणत नाही. पण ते महापालिकेनं केलं, म्हणजे ज्या संस्थेत त्या वस्तीनं निवडून दिलेला माणूस बसतो, तिनं केलं. घर रखडलं तर कुणाच्या दारात जायचं हे येरवड्यातल्या बाईला माहीत होतं. कुर्ल्यातल्या माझ्या आत्याला ते माहीत नाही. तिचा विकासक एक कंपनी, त्याला पैसे देणारी दुसरी कंपनी, परवानगी देणारं प्राधिकरण तिसरीकडे, सोसायटीचा कागदोपत्री अध्यक्ष चौथीकडे, आणि अपील करायचं तर आणखी एक वरिष्ठ समिती. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा आहे.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो एव्हाना आला असेल, आणि तो हलका नाही. नगरसेवकाला घरांचे अधिकार द्या म्हणता, पण नगरसेवकच बिल्डरचा भागीदार असतो. पात्रतेच्या यादीत नावं घुसवणारा तोच, विरोध करणाऱ्यांना धमकावणारा तोच, टक्केवारी घेणारा तोच. असे नगरसेवक मीही पाहिलेत. संमतीच्या सह्या गोळा करताना रात्री अकराला दार ठोठावणारी पोरं कुणाची होती हे आत्याच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पण या आक्षेपाचा नीट विचार केला तर तो माझ्याच बाजूला येतो. त्या पोरांमागच्या माणसाकडे कायद्यानं कुठला अधिकार होता? कुठलाच नाही. कुठल्याही फायलीवर त्याची सही नव्हती. म्हणजे अधिकार काढून घेतल्यानं त्याची सत्ता गेली नाही. ती कागदावरून उतरून अंधारात गेली. जिथं सही नसते तिथं जबाबदारी नसते, आणि जिथं जबाबदारी नसते तिथं फक्त वजन उरतं. आज नगरसेवकाच्या हातात घरांच्या बाबतीत नेमकं वजनच आहे. हे वजन ज्याला विकायचं तो विकतो. ज्याला लोकांसाठी वापरायचं त्याला ते पुरत नाही. म्हणजे सध्याची व्यवस्था वाईट नगरसेवकाला पोसते आणि चांगल्याला हतबल करते.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. घरं बांधण्याचं कंत्राट, परवानग्या, पैशाचे व्यवहार यांपैकी काहीही नगरसेवकाकडे देऊ नका. त्याच्याकडे एक वही द्या. प्रत्येक प्रभागात एक सार्वजनिक नोंदवही असावी, त्या प्रभागातल्या प्रत्येक पुनर्विकासाची. योजना एसआरएची असो, म्हाडाची असो, उपकरप्राप्त इमारतीची असो, की साध्या गृहनिर्माण संस्थेची. करार कधी झाला, किती कुटुंबं होती, किती पात्र ठरली, किती अपात्र आणि कशासाठी, जागा कधी रिकामी केली, भाडं कुठल्या महिन्यापर्यंत दिलं, भोगवटा प्रमाणपत्र कधी अपेक्षित होतं आणि आज काय स्थिती आहे. ही माहिती देणं प्राधिकरणांवर आणि विकासकांवर कायद्यानं बंधनकारक करा. वही नीट ठेवणं, दर तिमाहीला ती उघड्यावर वाचून दाखवणं आणि भाडं थकलं तर ठराविक दिवसांत प्राधिकरणाकडून लेखी खुलासा मागणं, हे नगरसेवकाचं वैधानिक काम करा. त्यानं ते केलं नाही तर पद जावं.

वाचून दाखवायला जागाही तयार आहे. 2009 मध्ये महाराष्ट्रानं महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. ग्रामसभेचं शहरी रूप म्हणा. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. रस्त्यावर खुर्च्या मांडून वही वाचायला सुरुवात केली, तर मला खात्री आहे की क्षेत्रसभेला माणसं बोलवावी लागणार नाहीत. नालासोपाऱ्याहून, कळव्याहून, बदलापूरहून ती आपणहून येतील.

अशी नोंद आजही कुठंतरी असेलच, असं कुणी म्हणेल. आहे. तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या फायलींत. 2023 मध्ये एसआरएनं विकासकांनी दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं अशी अट घातली, आणि ती योग्यच होती. पण ज्यांची घरं त्याआधी पाडली गेली त्यांच्या थकलेल्या महिन्यांची मोजदाद गल्लीच्या पातळीवर कोण ठेवतं? रहिवासी स्वतः. आत्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक डायरी आहे, तिच्यात चेकचे नंबर लिहिलेत. एका शहराचा हिशेब साठ वर्षांच्या बाईच्या पिशवीत असावा, याची मला लाज वाटते.

या वहीत आणखी एक पान असायला हवं, आणि ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे 'अपात्र' माणसांचं पान. 1 जानेवारी 2000 पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत असेल तर पैसे भरून, ही रेघ सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोटमाळ्यावर, वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी माणसं या रेघेच्या कुठल्याच बाजूला नसतात. खालची खोली पात्र ठरते, वरच्या खोलीतलं कुटुंब यादीतच नसतं. गल्ली पाडली की ते कुटुंब पुढच्या गल्लीत वरच्या खोलीत जातं. तीही पाडली की आणखी पुढं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळात हेच झालं होतं. ही माणसं याच शहरात धुणीभांडी करतात, रिक्षा चालवतात, बांधकामावर जातात, आणि त्यांतली पुष्कळशी इथली मतदारही आहेत. त्यांना मोफत घर द्या असं मी म्हणत नाही. प्रत्येक योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या काही खोल्या महापालिकेच्या मालकीच्या असाव्यात, एवढं मात्र नक्की म्हणतो. पण त्याआधी ती किती आहेत हे मोजायला हवं. मोजणारा माणूस वरच्या खोलीचा जिना चढलेला हवा, आणि निवडणुकीच्या दिवसांत का होईना, तो जिना नगरसेवकच चढतो.

माझ्या मताविरुद्ध जाणारं एक उदाहरण वगळलं तर ते अप्रामाणिक होईल. वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सरकारी चाळींमध्ये, 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेली माणसं रडताना आपण पाहिली. हे काम म्हाडानं केलं, आणि बरचसं काम महापालिकेत एकही नगरसेवक नसताना झालं. मग नगरसेवक हवाय कशाला? माझं उत्तर असं की तिथं कोण कुठल्या खोलीत राहतं याची नोंद शंभर वर्षांची होती, जमीन सरकारची होती आणि बांधून देण्याची जबाबदारी एका सरकारी संस्थेनं स्वतःवर घेतली होती. तरीही एप्रिल 2017 मधल्या भूमिपूजनापासून आठ वर्षं लागली. झोपडपट्टीत यांतलं काहीच नसतं. तिथला पहिला वाद 'इथं राहतं कोण' हाच असतो, आणि तो वाद वस्तीबाहेरच्या माणसाला सुटत नाही.

मुंबईत 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत शहर प्रशासकाच्या हाती होतं. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर 2020 पासून. एवढ्या वर्षांत पुनर्विकासाच्या फायली थांबल्या नाहीत, उलट वेगानं हलल्या. अर्थसंकल्प झाले, आरक्षणं बदलली, गल्लीत टॉवर उभे राहिले. सभागृहात उभं राहून हरकत घेणारं मात्र कुणी नव्हतं. अनेकांना हे सोयीचं वाटलं, कारण कटकट नव्हती. मध्यमवर्गीय वस्त्यांनाही याची झळ लागली आहे. एका गल्लीत एक इमारत उपकरप्राप्त म्हणून, दुसरी म्हाडाची म्हणून, तिसरी सोसायटी सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली, पलीकडची झोपडपट्टी एसआरएत. प्रत्येकीची फाइल वेगळी, प्रत्येकीचा एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण, वेगळा, प्रत्येक फाइल आपल्यापुरती बरोबर. पण गल्ली एकच आहे. तिच्यात पूर्वी दोनशे घरं होती, आता आठशे होणार, तर पाण्याची वाहिनी, मलवाहिनी, शाळेचे वर्ग यांची बेरीज कुणी करायची? बेरीज करणारं टेबल कुठल्याच कार्यालयात नाही. ती त्या गल्लीचा नगरसेवकच करू शकतो, जर सगळ्या फायली त्याच्या वहीत एका पानावर आल्या तर.

नव्या सभागृहात बसलेल्या 227 जणांना कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. सुधार समिती आजही आहे, प्रभाग समित्या आजही आहेत, प्रश्न विचारण्याचा हक्क आजही आहे. पहिल्या वर्षात एखाद्या नगरसेवकानं, पक्ष कुठलाही असो, आपल्या प्रभागातल्या रखडलेल्या योजनांची यादी स्वतः तयार केली आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावली, तरी पुष्कळ होईल. वाढदिवसाचे फलक लावायला जिथं जागा मिळते तिथं ही यादीही मावेल.

निकालानंतर आत्या पुन्हा एकदा कुर्ल्याला गेली होती. तोच उमेदवार निवडून आला होता, कार्यालयात गर्दी होती, हारतुरे होते. तिनं पिशवीतून डायरी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बिल्डिंग तुमच्या हातात नाही ना, राहू दे. यात चेकचे नंबर आहेत, शेवटचं भाडं कधी आलं तेही आहे. आमच्या गल्लीत एकशे बारा घरं होती. बाकीच्यांचंही असंच लिहून घ्याल का?" त्यानं डायरी उघडली, दोन पानं उलटली आणि शेजारच्या मुलाला सांगितलं की याच्या झेरॉक्स काढून आण. झेरॉक्स आल्या. उरलेल्या एकशे अकरा घरांची माणसं कुठं कुठं पांगली आहेत, हे आता आत्या फोन करून शोधते आहे. आतापर्यंत तिला तेवीस सापडली आहेत.